‘फुल’ म्हणजे बेस्ट नव्हे!

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं रायफल शूटिंगचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये शॉटगनच्या स्कीट प्रकारात महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं ब्राँझ एका गुणानं हुकलं. चीन ४४, भारत ४३. फक्त एक तबकडी! आठवतंय का?

ही उडती तबकडी असते जेमतेम ११ सेंटीमीटरची. रायफलमधून एकच गोळी सुटते, शॉटगनच्या काडतुसातून शेकडो छर्रे. ते किती पसरणार, हे ठरवतो चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा. बागेच्या पाइपाचं नोजल पिळलं की फवाऱ्याची धार होते ना, तसंच काहीसं. १२ बोअरमध्ये ‘फुल’ चोक नळी साधारण १ मिलिमीटरनं अरुंद करतो, ‘मॉडिफाइड’ अर्ध्या मिलिमीटरनं, ‘सिलिंडर’ अजिबात नाही.

आता आपला स्वभाव बघा. नाव ‘फुल’ आहे ना, मग तोच भारी! इथंच गडबड होते. स्कीटमध्ये तबकडी साधारण २० मीटरवर फुटते. तिथं फुल चोक लावलात तर छर्रे पसरायच्या आतच तबकडी निसटते. म्हणून तिथं मोकळा चोक आणि २ मिलिमीटरचे बारीक छर्रे. ट्रॅपमध्ये तबकडी तुमच्यापासून लांब पळते, ३० मीटरच्याही पुढे. तिथं घट्ट चोक आणि २.४ मिलिमीटरचे छर्रे चालतात.

छर्रा कशाचा, हेही बघा. शिसं मऊ, पोलाद कडक. पोलादी छर्रे दबत नाहीत, म्हणून त्याच चोकमधून ते जास्त एकवटून जातात. घट्ट चोकमधून जाड पोलादी छर्रे मारले तर चोक आणि नळी दोन्ही खराब होऊ शकतात. युरोपीय संघानं २०२३पासून पाणथळ जागी शिशाच्या छर्र्यांवर बंदी घातलीय, त्यामुळे हा प्रश्न तिथं रोजचा झालाय.

मग निवडायचं कसं? माझं मत सरळ आहे. सीनियर म्हणाला म्हणून नाही, चोकवर छापलंय म्हणूनही नाही. रेंजवर कोचसमोर मोठा कागद लावा, ३६ मीटरवरून एक काडतूस झाडा, ७६ सेंटीमीटरच्या वर्तुळातली भोकं मोजा. फुल चोकमध्ये साधारण ७० टक्के छर्रे आत हवेत, मॉडिफाइडमध्ये ६०. मग काडतूस बदला आणि पुन्हा मोजा. आकडा बदललेला दिसेल.

काडतुसं महाग आहेत, मान्य. पण ‘माझा नेमच वाईट’ म्हणत अख्खा सीझन स्वतःला कोसत बसण्यापेक्षा चार काडतुसं कागदावर खर्च करा. एका तबकडीची किंमत पॅरिसमध्ये कळलीच आहे.