‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

बँक असो, तहसील कार्यालय असो की शाळेचा संगणक कक्ष, ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे ऐकले की आपण मुकाट्याने परत फिरतो. माझ्या मते हे उत्तरच नव्हे. खरी चौकशी तिथून सुरू व्हायला हवी.

दोन उदाहरणे पाहू. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागला. लाखो मुलांनी एकाच वेळी धाव घेतली आणि संकेतस्थळ कित्येक तास उघडेना. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. तिथे गर्दीचा प्रश्नच नव्हता. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने सर्व्हरपर्यंत जाणारे मार्ग तुटले होते. पाहणाऱ्याला दोन्हीकडे लक्षण एकच दिसले, पान उघडत नाही. कारणे मात्र निराळी, म्हणून उपायही निराळे.

शाळेच्या सर्व्हरला इतर संगणक जोडले जाईनात, तर विद्यार्थ्यांनी क्रमाने तपासावे. अडचण एकाच संगणकाला आहे की सर्वांना? एकालाच असेल, तर आधी त्याची केबल पाहावी. सर्वांना असेल, तर खुद्द सर्व्हरवर बसून तोच प्रोग्राम उघडावा. तिथेही उघडला नाही, तर दोष बहुधा प्रोग्राममध्येच आहे. उघडला, तर स्विच किंवा फायरवॉल पाहावी. प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ या स्वतःपुरत्या पत्त्यावर तर चालत नाही ना, हेही पाहावे. पडद्यावरचा संदेश नीट वाचावा. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा कार्यालय सापडले, पण हवी ती खिडकी बंद आहे. ‘टाइम्ड आऊट’ म्हणजे हाक पोचली की नाही, हेच कळले नाही.

मुले सर्व्हर बिघडवतील, अशी भीती विश्वस्तांना वाटणे साहजिक आहे. पण पाहिल्याने, वाचल्याने आणि लिहून ठेवल्याने काही बिघडत नाही. बदल शिक्षकांनी करावा, तोही एका वेळी एकच. खरे नुकसान घाईने होते. सगळे बंद करून पुन्हा सुरू करायचे, फायरवॉल काढून टाकायची आणि चालू झाले की विसरायचे, यात सर्व्हर असुरक्षित होतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

बालाघाटला तंत्रज्ञ गोंदिया किंवा नागपूरहून यायचा म्हटले, तर शाळेचा दिवस वाया जातो. म्हणून सर्व्हरजवळ एक वही ठेवावी. काय दिसले, काय तपासले, कशाने सुरू झाले, हे मुलांनी तारखेसह लिहावे. तंत्रज्ञाला बोलवावे लागलेच, तर त्याचेही काम त्या वहीने हलके होईल. विश्वस्त मंडळाने एवढी परवानगी द्यावी, ही विनंती.