सरकलेला आलेख
घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्यांनी आपल्या रसायनांची व सांडपाण्याची माहिती प्रवेशद्वाराबाहेरील फलकावर जाहीर करावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ सालचा हुकूम तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलाही लागू आहे. परंतु पालघर-बोईसरच्या डीटीपी दुकानात या फलकासाठी कोरलड्रॉमध्ये रचलेल्या आलेखाचे स्तंभ व आकडे ग्रुप केलेले नसले, अथवा मूळ फाँट छापणाऱ्याच्या संगणकावर नसल्याने दुसराच त्या जागी येऊन बसला, की अक्षरांची रुंदी बदलते आणि एका स्तंभाचा आकडा बिनदिक्कत शेजाऱ्याखाली जातो. दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारण्याची प्रथा सोयीची खरी, पण अक्षरे कर्व्ह करून पीडीएफ पाठवण्यास कितीसा वेळ लागतो? कारखानदारांनी प्रूफ मूळ दप्तराशी ताडून पाहिल्याविना फलकास मंजुरी देऊ नये.