गल्ली सुटली म्हणजे गाणे सुटले काय?

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी दहावीतील एका विद्यार्थ्याने यंदा डिव्हाइन या रॅप-गायकाच्या 'पुण्य पाप' या गीतसंग्रहावर चार ओळी लिहून आणल्या. 'हा गायक आता संपला', असा त्यांचा मथितार्थ. संग्रह २०२० सालचा. निकाल मात्र ताजा आणि कठोर!

डिव्हाइन म्हणजे मुंबईच्या अंधेरीचा विवियन फर्नांडिस. २०१५ साली नेझीसह गायलेल्या 'मेरे गली में'ने त्याचे नाव झाले. त्या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ साली आला, आणि त्याच वर्षी 'कोहिनूर' हा त्याचा पहिला स्वतंत्र संग्रह. पुढे तक्रार सुरू झाली : गल्ली सुटली, धार गेली.

वडील मंडळींचा आक्षेप याहून सोपा. भाषा अशुद्ध, म्हणून हे गाणेच नव्हे! तेथे आम्ही फार थांबत नाही. आमची घरची भाषा कोकणी. तिलाही 'नुसती बोली' म्हणून मोडीत काढणारे आम्हांला भेटले आहेत. शिवाय आपल्या मंचेरियलच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात सुखाने नांदतात, हे कोणास ठाऊक नाही?

पहिली तक्रार मात्र वजनदार आहे. 'मिर्ची' ऐकताना आम्हांलाही ती पटली. ठेका पायांत शिरतो, मनात काही उरत नाही. परंतु त्याच संग्रहात '३:५९ ए. एम.' आहे. तेथे हा मनुष्य आपल्याच वाटचालीची झडती घेतो. गल्लीतल्या पोराला हे गाता आले नसते, कारण मागे वळून पाहावे इतकी वाटच तेव्हा त्याने तुडविली नव्हती. नाव झालेल्या माणसाने जन्मभर त्याच कोपऱ्यावर उभे राहून तेच दुःख गावे, हा हट्ट आम्हांला थोडा निष्ठुर वाटतो. १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटात बालगंधर्व एकनाथ झाले, तेव्हा शालू नेसलेले नारायणराव ज्यांच्या डोळ्यांत भरले होते त्यांना ते जड गेले असल्यास नवल नाही. असो.

आम्ही कागद परत दिला आणि संग्रह पुन्हा, सलग ऐकावयास सांगितले. दोन दिवसांनी तो आला. 'मिर्ची'वरील राग कायम होता, किंबहुना वाढलाच होता. '३:५९'विषयी सहा नव्या ओळी होत्या. आणि 'संपला' हा शब्द त्याने स्वतःच खोडला होता. तो कागद आता भित्तिपत्रकावर आहे. खाली कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने 'मिर्ची छानच आहे' असे लिहून ठेवले आहे. ते आम्ही पुसलेले नाही.