पडदा आपोआप मंदावतो तेव्हा
लग्नाचे काळपट फोटो लॅपटॉपवर उघडले की पडदा हळूहळू मंदावतो, कोरी पांढरी फाइल उघडली की पुन्हा उजळतो. पडदा गेला असं समजून लगेच दुकान गाठू नका, उगाच पैसे जातील. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं जाऊन ब्राइटनेसच्या पट्टीशेजारचा बाण दाबा. तिथे ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ दिसलं, तर ‘ऑफ’ करा. बॅटरी वाचवायला, समोर काय दिसतंय त्यावरून उजेड कमी-जास्त करणारी ही सोय. टायपिंग करणाऱ्याला ती चालते. फोटोंचे रंग सुधारणाऱ्याचे मात्र हाल होतात, डोळ्यांनी जुळवलेली छटा क्षणात हातची जाते. त्यांच्यासाठी ती मुळात बंदच असायला हवी. रात्री पडदा पिवळसर होतो, ते ‘नाइट लाइट’चं काम, तेही डिस्प्लेमध्येच बंद होतं.