कविता 'झाली' म्हणणाऱ्यांसाठी

"काल रात्रीच झाली, सर. एकटाकी." दिवाळी अंकासाठी कागद हातात ठेवताना आमच्या भागातले निम्मे कवी हे वाक्य म्हणतात, आणि तेही असे, की जणू हा कवितेचा गुणच आहे. एखादा शब्द बदला म्हटले की दुखावतात. प्रेरणेला हात लावणे म्हणजे देव बाटवणे!

या मंडळींचा मोठा आधार वाल्मीकी. क्रौंच पडला, शोक झाला, श्लोक आला. खरे आहे, पण आला तो एक श्लोक. उरलेल्या चोवीस हजारांचे काय? बालकांड उघडून पाहा. नारदाकडून कथा आधीच ऐकलेला तो ऋषी दर्भावर बसतो, सगळी कथा पुन्हा मनासमोर आणतो आणि मग रचायला घेतो. आठव्या शतकातल्या वामनाने तर सांगूनच ठेवले आहे, की मन डळमळते आहे तोवर शब्द ठेवणे-काढणे चालायचेच. एकही शब्द बदलता येऊ नये अशी स्थिती आली की रचना पिकली. त्याचा शब्द 'पाक'. आम्ही आधण यायच्या आत पंगत बसवतो.

मागे एका तरुणाने भातलावणीवर कविता आणली. चार कडवी. तीन कडव्यांत आईचे अश्रू, काळ्या आईचे अश्रू, आणि शेवटी मायमराठीचे अश्रू. पण दुसऱ्या कडव्यात आई संध्याकाळी उंबऱ्यावर बसून झाडूच्या काडीने जोडव्यांत अडकलेला चिखल काढते. मी म्हटले, एवढे ठेव, बाकीचे काढ आणि याच्याभोवती पुन्हा लिही. तो म्हणाला, "पण सर, बाकीचेही त्याच बैठकीत आले!" पुढे एका कविसंमेलनात त्याने चारही कडवी म्हटली. टाळ्या मायमराठीला पडल्या. जोडव्यांतला चिखल कुणाच्या कानीही गेला नाही.

आणि मग ठरलेले वाक्य: "सीमाभागातला पोरगा आहे, सांभाळून घ्या." का म्हणून? ज्या भाषेसाठी इथली माणसे १९५६ पासून लाठ्या खात आली, तिच्यासाठी एक रात्र जास्त जागायला आम्ही तयार नाही? येळ्ळूर-उचगावकडची माणसे शेतातली कामे टाकून संमेलनाच्या मांडवात येऊन बसतात. त्यांना कच्चे वाढायचे आणि वर अस्मितेची फोडणी द्यायची, हा त्यांचा उपमर्द आहे. शहापूर-वडगावचा विणकरसुद्धा धागा तुटला की माग थांबवतो. सीमाभागातले लुगडे म्हणून गिऱ्हाईक भोक चालवून घेत नाही.

घासून घासून भांड्याला भोक पडते, हेही मला ठाऊक आहे. पण आमच्या फडताळातल्या एकाही भांड्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

तो तरुण यंदाही आला होता. नवी कविता, कालच झालेली. मी ती वाचली, दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद परत दिला. होळीला घेऊन ये, म्हटले.