सिडनी आठवते, मग बडोदा का आठवत नाही?



रविवारची उपासना संपते, आशीर्वाद होतो, आणि मग आमच्या फतेगंजात मंडळीची दुसरी सभा भरते. चहाचा कप हातात घेऊन आवारात उभे राहायचे आणि आदल्या रात्रीच्या सामन्याचा निकाल पुन्हा एकदा लावायचा. तो पायचीत होता का? झेल घेताना चेंडू जमिनीला टेकला होता का? तरुण संघातली मुले मोबाइलवर तेच दृश्य थांबवून थांबवून दाखवतात, काकामंडळी चश्मा कपाळावर चढवून बघतात, आणि एक जण तरी म्हणतोच, "हे काहीच नाही. सिडनीला काय झालं होतं, विसरलात का?"

नाही, कोणीच विसरलेले नाही. ६ जानेवारी २००८. तो रविवारच होता. उपासनेहून घरी आलो आणि टीव्ही लावला तर सिडनी कसोटीचा शेवटचा दिवस संपत आला होता. भारताचे शेवटचे तीन गडी मायकेल क्लार्कने पाच चेंडूंत बाद केले, दिवस संपायला काही मिनिटे उरली असताना, आणि आपण १२२ धावांनी हरलो. पण हरल्याचे दुःख एवढे नव्हते. पहिल्या डावात अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना यष्टीमागे झेलबाद होता. पंच स्टीव्ह बकनर यांनी नाबाद दिले आणि सायमंड्स १६२ वर नाबाद राहिला. शेवटच्या दिवशी राहुल द्रविडच्या बॅटला चेंडू लागला नव्हता, तरी त्याला झेलबाद दिले. सौरव गांगुलीचा झेल नीट घेतला गेला का, हे पंचांनी ऑस्ट्रेलियाच्या कर्णधारालाच विचारले. देशात संताप उसळला. पुढच्या पर्थ कसोटीतून बकनर यांना बाजूला करण्यात आले.

तो अन्याय खरा होता. ख्रिस्ती माणसाने अन्यायाला अन्याय म्हणू नये, असे पवित्र शास्त्र कुठेही सांगत नाही. खोट्या तराजूचा देवाला वीट आहे, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. म्हणून चहाच्या कपाभोवती कोणी पंचाच्या निर्णयावर बोलले तर त्यात काही पाप आहे असे आम्ही मानत नाही.

आपल्या बडोद्याला असे निर्णय नवेही नाहीत. विजय हजारे हे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाचे. जन्म सांगलीचा, पण ते खेळले बडोद्यासाठी आणि २००४ साली त्यांचे देहावसानही याच शहरात झाले. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्ध भारताला जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी १२२ धावा केल्या. धावसंख्या ८ बाद ३५५ झाली, फक्त सहा धावा उरल्या, आणि पंचांनी बेल्स उचलून खेळ संपवला. षटकातला एक चेंडू अजून बाकी होता, घड्याळातही मिनिटभराहून जास्त वेळ होता. आपल्याच देशातले पंच, गडबडीत हिशेब चुकला. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. तो पहिला विजय आणखी तीन वर्षांनी, १९५२ च्या फेब्रुवारीत, मद्रासला मिळाला. तेव्हा संघाचे कर्णधार होते विजय हजारेच.

पंच माणूस आहे, तो चुकतो. त्या चुकीवर माणसाने उपायही शोधला. आता डीआरएस आहे, चेंडूचा मार्ग दाखवणारे कॅमेरे आहेत, बॅटला चेंडू पुसटसा लागला तरी आवाज टिपणारे यंत्र आहे. २००८ मध्ये हे सगळे असते तर सायमंड्स तीस धावांवर परतला असता.

पण आज आम्हाला लिहायचे आहे ते ज्याच्यावर डीआरएस नाही अशा एका गोष्टीबद्दल. सिडनीच्या तीन महिने आधीची ही गोष्ट आहे आणि ती आपल्या गावातली आहे.

११ ऑक्टोबर २००७. शहराबाहेरच्या रिलायन्सच्या मैदानावर, ज्याला जुनी माणसे अजून आयपीसीएलचे मैदान म्हणतात, भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा एकदिवसीय सामना होता. भारताचा डाव १४८ धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलियाने तो सामना नऊ गडी राखून जिंकला. त्या दिवशी सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या सायमंड्सकडे पाहून प्रेक्षकांतून माकडाचे आवाज काढले गेले. सायमंड्सच्या अंगात कॅरिबियन वंशाचे रक्त होते, त्या संघात त्याचा रंग वेगळा होता, आणि आवाज त्याच्यासाठीच होते. काही दिवसांनी मुंबईत वानखेडेवर तेच घडले.

सिडनीत हरभजनसिंगवर जो आरोप झाला त्याच्या मागे हा बडोद्याचा दिवस होता. हरभजनवर आधी तीन कसोटींची बंदी आली. पुढे अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वंशावरून शिवी दिल्याचे सिद्ध झाले नाही असे ठरवले आणि अपशब्दांबद्दल निम्म्या मानधनाचा दंड केला. तेव्हा त्या खेळाडूचा न्याय आपण करायचा नाही, तो झालेला आहे. पण स्टँडमधल्या आवाजांचा निकाल कोणी लावला?

आमच्यातले काही जण त्या दिवशी मैदानावर होते. सुट्टी टाकून, डबे बांधून गेले होते. त्यांनी ते आवाज काढले नाहीत. पण शेजारचा काढत होता तेव्हा ते गप्प बसले, एखादा हसलाही. घरी आल्यावर मुलांना सामन्याचे सगळे सांगितले, एवढे एक सोडून. आणि आज इतक्या वर्षांनी सिडनीतला एकेक चेंडू आम्हाला तोंडपाठ आहे, बडोद्याचा तो दिवस मात्र आमच्या गप्पांत एकदाही येत नाही. कुसळ आणि मुसळाचा दाखला प्रभूने दिला तो अशाच लोकांसाठी. त्यांना दिसत नव्हते असे नाही. फक्त नजर नेहमी समोरच्याच्या डोळ्याकडे असायची.

हे लिहायचे ठरले तेव्हा आमच्यातच वाद झाला. एक जण म्हणाले, "ऑस्ट्रेलियाचे खेळाडू काय संत आहेत का? मैदानावर शिव्या देण्यात त्यांचाच पहिला नंबर." हे खरे असेल. पण दुसऱ्याच्या पापाने आपले पाप फिटते, असा हिशेब आपल्या कोणत्याही धर्मशिक्षणाच्या वहीत नाही. दुसरे म्हणाले, "आपल्याकडे माकड ही शिवी नाही, लोक तर मारुतीला नमस्कार करतात." मग आम्ही त्यांना एवढेच विचारले की, तसे असेल तर ते आवाज पांढऱ्या खेळाडूंसाठी का निघाले नाहीत? त्यावर ते काही बोलले नाहीत. तिसरे म्हणाले, "हजारो लोकांत मूठभर ओरडले, सगळ्या गावाला का धरायचे?" याचे उत्तर द्यायला आम्हाला जरा वेळ लागला.

उत्तर सापडले ते दुःखसहनाच्या वृत्तांतात. पिलाताच्या वाड्यासमोर आपला प्रभू उभा होता. आपण दरवर्षी ती कथा ऐकतो आणि आपला राग पिलातावर असतो. त्याला ठाऊक होते की हा मनुष्य निर्दोष आहे, तरी त्याने चुकीचा निर्णय दिला आणि हात धुतले. जगाच्या इतिहासातला सर्वांत वाईट पंच तोच. पण त्या अंगणात आणखी कोणी होते. जमाव होता. त्यातले काही मोठ्याने ओरडत होते, आणि बाकीचे नुसते उभे होते. उभे राहणाऱ्यांपैकी प्रत्येकाला वाटले असेल, मी कुठे काही म्हणालो? पिलाताचे नाव आपण विश्वासांगीकारात दर रविवारी घेतो. त्या गप्प उभ्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. म्हणूनच त्यांच्या जागी आपण स्वतःला ठेवू शकतो आणि ठेवायला हवे.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना तर हे जास्त कळायला हवे. आपल्या कितीतरी घरांची मुळे नगर-जालन्याकडच्या खेड्यांत आहेत, जिथे आजोबा-पणजोबांना नावाने कोणी हाक मारत नसे, जातीने मारत. क्रिकेटमध्येही तेच होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात बाळू पालवणकर यांच्यासारखा मोठा गोलंदाज हिंदू संघाकडून खेळायचा, तेव्हा चहाच्या सुट्टीत त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, कप चालायचा नाही. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांनी परक्या पाहुण्याला त्याच्या रंगावरून हिणवताना गप्प बसावे, याचे आम्हाला स्वतःचेच वाईट वाटते.

मग करायचे काय? खेळातच याचे उत्तर देणारी माणसे झाली आहेत. २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ॲडम गिलख्रिस्टला पंचांनी नाबाद दिले होते. आपल्या बॅटला चेंडू लागला आहे हे त्याला ठाऊक होते. तो स्वतःहून चालू लागला. १९८० मध्ये वानखेडेवर गुंडाप्पा विश्वनाथ यांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावले, कारण पंचांनी बाद दिले असले तरी तो बाद नाही असे कर्णधाराला वाटले. टेलर आणि बोथम यांनी मग मोठी भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. विश्वनाथांच्या त्या निर्णयाची किंमत स्कोअरबोर्डवर लिहिलेली आहे. तरी आज त्या सामन्याचे नाव निघाले की आपण पराभवाबद्दल नाही, त्या माणसाबद्दल बोलतो.

आणि बकनर? २०२० मध्ये एका मुलाखतीत त्यांनी मान्य केले की सिडनीत आपल्या हातून दोन चुका झाल्या आणि त्यातल्या एकीमुळे कदाचित भारताने सामना गमावला. बारा वर्षे लागली, पण त्यांनी कबूल केले. ज्यांना आपण अजून दोष देतो त्यांनी आपला पापांगीकार केला. आपण आपला अजून केलेला नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी समेट करून यावे. लक्ष द्या, आपल्या मनात भावाविरुद्ध काय आहे ते प्रभू इथे विचारत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काय आहे, ते आठवायला सांगतो. सिडनी ही आपली तक्रार आहे. बडोदा ही त्याची तक्रार होती.

तो भाऊ आता भेटणार नाही. १४ मे २०२२ च्या रात्री ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलजवळ मोटार अपघातात अँड्र्यू सायमंड्स गेला. वय ४६. समेटालाही वेळ असते आणि ती निघून जाते, हे त्या बातमीने आम्हाला शिकवले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आवारात त्याच्या षटकारांच्या आठवणी निघाल्या, बडोद्याचे नाव तेव्हाही कोणी काढले नाही.

आता कोटंबीला नवे स्टेडियम झाले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे वेस्ट इंडिजच्या महिला संघाचे सामने झाले. पुढेही पाहुणे येत राहतील आणि आपली मुले स्टँडमध्ये बसतील. म्हणून आम्ही आपसांत तीन गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुमच्यापुढे ठेवतो. मुलांना सामन्याला नेण्याआधी ११ ऑक्टोबर २००७ ची गोष्ट सांगायची, काही न लपवता. शेजारचा कोणी रंगावरून, जातीवरून, धर्मावरून ओरडला तर हात धरून, नम्रपणे, पण ऐकू जाईल असे "भाऊ, हे नको" म्हणायचे. आणि चहाच्या वेळी कोणी सिडनी काढली, तर त्याच दमात बडोदाही काढायचा.

पंचाच्या निर्णयावर वाद चालू राहू दे, त्यात मजा आहे. पण निर्णय बदलून मागण्याआधी आपण आपल्या तोंडाचा आणि आपल्या गप्प बसण्याचा रिव्ह्यू घेऊ या. तिथे थर्ड अंपायर लागत नाही. जो सर्व पाहतो तो पाहतोच आहे.

हे प्रभू, आमच्यावर झालेला अन्याय आम्हाला लगेच आठवतो, आम्ही केलेला आठवत नाही. जमावात उभे असताना आमच्या जिभेला आवर दे आणि गरज पडेल तेव्हा तीच जीभ सोडव. जो परका म्हणून आमच्या गावात येतो त्याच्यात आम्हाला तुझा चेहरा दिसू दे. आमेन.