उंचावलेला वण: कापण्याआधी ओळखा

मोबाइल उघडला की 'एकाच बैठकीत वण नाहीसा' अशी जाहिरात हमखास दिसते. लेझरची छोटी केंद्रे आता तालुक्याच्या गावीही निघाली आहेत. दुसरीकडे कानाला तीन-चार ठिकाणी टोचून घेण्याची हौस वाढली आहे. हे टोचणे पाळीपुरते न राहता वरच्या कूर्चेपर्यंत गेले आहे. या दोन्ही गोष्टींचा हिशेब शेवटी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात होतो. रुग्णाची मागणी बहुधा एकच असते: 'डॉक्टर, ही गाठ तेवढी कापून टाका.'

पण कापायचे की नाही, हे ठरण्याआधी एक साधी गोष्ट पाहावी लागते. उंचवटा मूळ जखमेच्या हद्दीत आहे, की हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर सरकला आहे?

जखम भरताना शरीर कोलॅजन नावाचे तंतू विणते. ते गरजेपेक्षा जास्त विणले गेले तर वण फुगतो. जखमेच्या रेषेतच राहणाऱ्या अशा वणाला 'हायपरट्रॉफिक' म्हणतात. तो साधारण महिना-दोन महिन्यांत दिसू लागतो, लाल असतो, खाजतो आणि पुढे वर्ष-दीड वर्षात बराचसा आपणहून बसतो. सिझेरियनच्या टाक्यांवरची जाड रेघ पुष्कळदा याच जातीची असते. तिथे घाई नडते. (वांगे खाल्ल्याने टाके फुगतात, असे घरोघरी सांगितले जाते. वांग्याचा यात काही दोष नाही.)

कीलॉइडचा स्वभाव वेगळा. जखम भरून कित्येक महिने झाल्यावर, कधी वर्षानंतर तो डोके वर काढतो आणि खेकड्याच्या नांगीसारखा बाजूला पसरतो. ग्रीक भाषेतल्या त्याच अर्थाच्या शब्दावरून, 19व्या शतकाच्या सुरुवातीला अलिबेर या फ्रेंच त्वचातज्ज्ञाने त्याला हे नाव दिले. कानाची पाळी, छातीचा मध्यभाग, खांदा आणि जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. टोचलेले भोक, बीसीजीच्या लशीची खूण, मुरमाचा फोड, एवढे निमित्तही त्याला पुरते. सावळ्या त्वचेत आणि तरुण वयात तो अधिक होतो, काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. आणि तो आपणहून सहसा बसत नाही.

खरी गफलत इथे होते. कीलॉइड नुसता कापला, तर शरीराच्या दृष्टीने ती नवी जखम असते. वेगवेगळ्या पाहण्यांत केवळ कापल्यानंतर तो परत येण्याचे प्रमाण 45 ते 100 टक्के आढळले आहे. वाटाण्याएवढी गाठ कापून घेतलेली मुलगी काही महिन्यांनी सुपारीएवढी गाठ घेऊन येते. ती दुसरीकडे पुन्हा कापली जाते, आणि मग आमच्याकडे येते तेव्हा लिंबाएवढी झालेली असते. नुसते लेझरने जाळणे हेही एक प्रकारचे कापणेच आहे, हे जाहिरात सांगत नाही.

उपचार आहेत, पण ते चिकाटीचे आहेत. गाठीत ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शन दर चार-सहा आठवड्यांनी देतात. ते दुखते, त्या जागी त्वचा पांढरी पडू शकते, मधुमेहींची साखर वाढू शकते. पण औषध महाग नाही आणि बहुतेकांची खाज व ठणका यांवर आधी उतार पडतो. सिलिकॉनची पट्टी दिवसाचे किमान बारा तास, दोन-तीन महिने तरी लावावी लागते. शस्त्रक्रिया करायचीच तर तिच्या जोडीला इंजेक्शने, कानावर दाब देणारी क्लिप किंवा निवडक रुग्णांत एक-दोन दिवसांतच सुरू केलेले किरणोपचार हवेत. मला वाटते, ही जोडणी ज्याच्याकडे नाही त्याने चाकू हातात घेऊ नये.

भाजल्यानंतरच्या वणाचा हिशेब निराळा. गळा, काख, कोपर, बोटे यांवरचा वण नुसता फुगत नाही, तो आखडतो आणि सांधा ओढून धरतो. तिथे 'आपणहून बसेल' म्हणून वाट पाहणे घातक ठरते. स्प्लिंट, व्यायाम आणि दाब देणारे कपडे लवकर सुरू व्हायला हवेत. हनुवटी छातीला चिकटल्यावर आलेल्या बाईवर शस्त्रक्रिया होते, पण मधली वर्षे परत मिळत नाहीत.

आणि काही उंचवटे वण नसतातच. जखमेचे काहीच निमित्त नसताना धडावर हळूहळू वाढणारी कडक गाठ त्वचेचा एक दुर्मीळ कर्करोग असू शकते. कुष्ठरोगाच्या एका प्रकारातल्या गाठीही कीलॉइडसारख्या दिसतात. जुन्या भाजलेल्या वणावर न भरणारे क्षत पडले, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. अशा गाठी न तपासता लेझरखाली गेल्या की निदानाचे महिने वाया जातात.

स्वतःला किंवा घरात कुणाला कीलॉइड झाला असेल, तर हौसेचे टोचणे आणि गोंदणे टाळावे. शस्त्रक्रिया अटळ असेल तर ती माहिती सर्जनला आधीच द्यावी. म्हणजे छेद कुठे आणि कोणत्या दिशेने घ्यायचा याचा विचार करता येतो, आणि जखम पूर्ण भरताच सिलिकॉनची पट्टी सुरू करता येते.